मोफत डोमेन नक्की कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

छोट्या वेबसाइटसाठी सोपं क्लाउड होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची सर्व्हरची जागा, शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. ज्या कंपनीने मला अडकवलं तिचं नाव देत नाही. नाव दिलं तर लोक तेवढ्या एका कंपनीला टाळतील आणि हीच पद्धत चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे तरी जातील.

माझ्याकडे तीन साइट होत्या: एका हौशी नाट्यसंस्थेची, एका निवृत्त शिक्षकांच्या गणिताच्या टिपणांची आणि माझी स्वतःची. तिन्हींवर मिळून फारशी वर्दळ नव्हती. एका बटणावर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) बसवून देणारं, सर्व्हरच्या भानगडीत न पाडणारं काहीतरी हवं होतं. जाहिरातीत सगळंच होतं. ‘क्लाउड’ होस्टिंग, अमर्याद जागा, अमर्याद बँडविड्थ (डेटाची ये-जा), रोजचा बॅकअप, मोफत एसएसएल (साइट सुरक्षित करणारं प्रमाणपत्र), आणि वर डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, तेही फुकट. अट एवढीच की तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरायचे.

या धंद्यातली फसवणूक लगेच दिसत नाही. सुरुवातीला साइट झकास चालतात, सपोर्टवाले दोन मिनिटांत उत्तर देतात, आणि ‘पैसे परत’ची मुदत अशी मजेत निघून जाते. त्या मुदतीतही डोमेनचे आणि ‘सेटअप’चे पैसे कापूनच परतावा मिळतो, हे अटींमध्ये बरंच खाली लिहिलेलं असतं.

नाटकाच्या प्रयोगाची घोषणा झाली त्या संध्याकाळी साइटच्या जागी ५०८ क्रमांकाची एरर दिसू लागली. क्लाउडलिनक्स ही प्रणाली बसवलेल्या शेअर्ड (सामाईक) सर्व्हरवर एखाद्या खात्याने ठरलेली मर्यादा गाठली की ही एरर येते. एका वेळी किती प्रोसेस, किती सीपीयू, किती मेमरी, हे प्रत्येक खात्याला मोजून दिलेलं असतं. मर्यादा असण्यात गैर काही नाही. एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतील, तर एकाने सगळं खाऊ नये म्हणून ती लागतेच. पण मग तो आकडा विकतानाच सांगायला हवा. इथे आकडा लपवला होता आणि वर ‘अमर्याद’ असा बिल्ला लावला होता. सपोर्टने आधी माझ्या प्लगिनांवर खापर फोडलं आणि मग वरचा प्लॅन घ्या म्हणून सुचवलं. जागेचंही तसंच. जीबी अमर्याद, पण आयनोडला मर्यादा. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर, मेलबॉक्समधलं प्रत्येक पत्र म्हणजे एक आयनोड. कॅशच्या, म्हणजे तात्पुरत्या प्रतींच्या, बारीकसारीक फायलींनीच ती मर्यादा भरत आली, डिस्क मात्र जवळपास रिकामी.

मग हे क्लाउड तरी आहे का, हे बघायचं ठरवलं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या दिली, तिच्यात पाच लक्षणं आहेत. त्यातली तीन ग्राहकाला घरबसल्या तपासता येतात: कुणाशी न बोलता सेवा स्वतः घेता आली पाहिजे, गरजेप्रमाणे ती पटकन वाढवता आणि कमी करता आली पाहिजे, आणि वापर मोजलेला दिसला पाहिजे. माझ्या खात्यात वाढवायचं तर चॅटवर माणसाची वाट बघायची, आणि कमी करायची सोयच नाही. आयपी पत्त्यावरून उलटा शोध घेतला तर त्याच पत्त्यावर इतरांच्या ढिगाने साइट निघाल्या. (नुसत्या तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, सीडीएन (साइटच्या प्रती जागोजागी ठेवणारी सेवा) वापरलं तरी पत्ता सामाईक दिसतो.) शेवटी उलगडलं ते असं की कंपनी म्हणजे रीसेलर, दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा पोटभाडेकरू. सर्व्हर बंद पडला की तेही आमच्यासारखेच वरच्याकडे तिकीट टाकून बसत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

रीसेलर असणं हा गुन्हा नाही, प्रामाणिकपणे चांगली सेवा देणारे रीसेलर आहेत. त्यांनी ते लपवलं, हा माझा आक्षेप.

बॅकअपचं थोडक्यात सांगते. रोजचा बॅकअप होता, पण तो परत बसवून द्यायला वेगळे पैसे, आणि ठेवलेला त्याच सर्व्हरवर. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा ग्राहकांचं मूळ आणि प्रत दोन्ही गेलं. तेव्हा ‘बॅकअप आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, तो कुठे ठेवता हेही विचारा. एसएसएलही पहिल्या वर्षापुरतंच मोफत निघालं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रं फुकट देते आणि ती आपोआप नवी करून घेता येतात, पण खात्याच्या पॅनेलमधली ती सोयच यांनी बंद केली होती, विकत घ्यावं म्हणून.

इथवरचं मी महाग पडलेला सौदा म्हणून सोडून दिलं असतं. खरी फसवणूक कळली ती निघायचं ठरवल्यावर.

डोमेन दुसरीकडे हलवायला ऑथ कोड, म्हणजे बदलीसाठीचा गुप्त संकेत, लागतो. तो मागितला तर चॅटवर अळीमिळी गुपचिळी. मग डोमेनची नोंद उघडून पाहिली. ती आता आरडीएपी या नोंदी शोधायच्या पद्धतीने कुणालाही बघता येते. जानेवारी २०२५ मध्ये .कॉमसारख्या डोमेनांसाठी तिने जुन्या हूइज पद्धतीची जागा घेतली. गोपनीयतेसाठी आजकाल बरीचशी माहिती झाकलेली असते. माझ्या नोंदीत मात्र मालक संस्थेच्या रकान्यात त्या कंपनीचं नाव उघड होतं. तिन्ही डोमेनांचं तेच. फुकट दिलेलं डोमेन त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मी फक्त वापरणारी.

याचा परिणाम किती खोलवर जातो, ते तोवर लक्षात येत नाही. डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे मालकाने ऑथ कोड मागितल्यावर रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, तो पाच दिवसांत द्यावा लागतो, पण कागदोपत्री मालक मी नव्हतेच. मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशी दोन स्मरणपत्रं पाठवणं बंधनकारक आहे. ती पत्रंही त्यांच्याच पत्त्यावर जात होती. (हे नियम .कॉम, .नेट, .ऑर्ग यांसारख्या डोमेनांचे. देशांच्या डोमेनांना आपापले नियम असतात.)

सुटका झाली ती रजिस्ट्रारमुळे. रीसेलरच्या वर एक मान्यताप्राप्त रजिस्ट्रार असतोच, त्याचं नाव आणि गैरवापराच्या तक्रारीचा पत्ता नोंदीतच मिळतो, आणि रीसेलरने काय केलं याची जबाबदारी त्याला झटकता येत नाही. मी पावत्या, खरेदीच्या वेळची ईमेल, ‘तुमचं स्वतःचं डोमेन मोफत’ म्हणणाऱ्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळं रजिस्ट्रारकडे पाठवलं आणि दाद लागली नाही तर आयकॅनकडे तक्रार करेन, असंही लिहिलं. दोन डोमेनं माझ्या नावावर झाली. तरी लगेच हलवता आली नाहीत, कारण मालकाचं नाव बदललं की बहुतेक ठिकाणी ६० दिवस बदलीला कुलूप लागतं. त्या काळात रिन्यूअलची तारीख आली आणि भरमसाट रक्कम त्याच कंपनीला भरावी लागली.

तिसरं डोमेन, शिक्षकांचं, या ओढाताणीत गेलं. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार डोमेन जास्तीत जास्त ४५ दिवस ठेवू शकतो, मग रद्द झाल्यावर दंड भरून सोडवायला ३० दिवस, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते सगळ्यांना खुलं. पण सोडवण्याचा अधिकार नोंदीतल्या मालकाचा. तो मालक, म्हणजे ती कंपनी, ढिम्म हलली नाही. आता त्या नावावर जुगाराच्या जाहिराती आहेत. सरांची टिपणं नव्या पत्त्यावर आहेत, पण कितीतरी जुन्या विद्यार्थ्यांनी जपून ठेवलेली लिंक त्या जाहिरातींवर जाते. सर काही बोलले नाहीत. मला मात्र त्याचा अजून संताप येतो.

आता टिपणांची साइट साध्या एचटीएमएल पानांची केली आहे. अशा स्थिर साइट गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट चालतात. नाट्यसंस्थेला वर्डप्रेस लागतंच, म्हणून तिच्यासाठी तासावर बिल होणारा छोटा सर्व्हर. डोमेन मात्र होस्टिंगवाल्याकडे ठेवलेलं नाही, ते वेगळ्या रजिस्ट्रारकडे माझ्या नावावर. खरेदीआधी मी सगळीकडे तेच प्रश्न लेखी विचारले. डोमेन कुणाच्या नावावर होणार, ऑथ कोड पॅनेलमधून स्वतः काढता येतो का, रिन्यूअल किती, सीपीयू, प्रोसेस आणि आयनोडची मर्यादा किती? काहींनी ‘काळजी करू नका’ असं उत्तर दिलं. त्यांना लगेच वगळलं.

आधीच अडकला असाल तर क्रम महत्त्वाचा. आधी फायली आणि डेटाबेस दोन्ही स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्या, ईमेलसुद्धा. मग डोमेनची नोंद आणि मुदतीची तारीख बघा. नाव तुमचं नसेल तर आजच रजिस्ट्रारला लिहा, मुदत जवळ आली की हातात काही राहत नाही. नवीन ठिकाणी साइट उभी करून तपासून घ्या आणि डीएनएसचा टीटीएल (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ही माहिती इतरत्र किती वेळ जपून ठेवली जाते तो आकडा) आदल्या दिवशीच कमी करून ठेवा. निघतोय हे सपोर्टला डोमेन हातात आल्यावरच कळू दे. कार्डावरचं ऑटो-रिन्यूअल पॅनेलमधून बंद केलं तरी बँकेकडूनही ती परवानगी काढून घ्या. माझ्याकडे खातं बंद झाल्यावरही एकदा वजावट झाली, आणि ती परत मिळाली ती बँकेने ठरवलेल्या मुदतीत हरकत नोंदवली म्हणून.