ऑनर सोसायटी की ‘बिग सिस्टर’?

अमेरिकेत मुलींच्या हायस्कूलमध्ये लेक दहावीच्या पुढे गेली की आपल्या मराठी घरांतही हा विचार सुरू होतो: नॅशनल ऑनर सोसायटी या गुणवंत विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संस्थेत जायचं, की नववीच्या नव्या मुलींची मेंटर, म्हणजे वाट दाखवणारी ‘बिग सिस्टर’ व्हायचं?

ऑनर सोसायटी 1921 सालापासूनची. अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे तिचे चार निकष. जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी, 4 पैकी किमान 3.0 लागतो, पुष्कळ शाळा ही अट आणखी कडक करतात. तरी गुणांनी फक्त दार उघडतं, निवड पाच शिक्षकांची समिती करते. पुढे गुण घसरले किंवा सेवेचे तास राहिले तर सदस्यत्व जाऊही शकतं.

मेंटरिंगला असा देशभर एकच साचा नाही. बहुधा अकरावी-बारावीच्या मुलीकडे नववीच्या एक-दोघी सोपवतात. लॉकर उघडत नाही, जेवणाच्या सुट्टीत कुणाशेजारी बसू, गणिताच्या बाईंना प्रश्न विचारायला भीती वाटते... असलं सगळं तिच्या कानावर येतं. नुकतीच पुण्याहून आलेली मुलगी असेल, तर अशी एक ताई किती मोलाची!

मला विचाराल तर आधी मेंटरिंग. कॉलेजच्या अर्जासाठी ऑनर सोसायटीचं नाव हवं, हे मान्य. पण कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला मिळतात जेमतेम 150 कॅरॅक्टर, आणि वर्षभर एका धाकटीला सांभाळलेल्या मुलीकडे तिथे लिहायला स्वतःचं काहीतरी असतं. शिवाय सोसायटीच्या बऱ्याच शाखा शिकवणीचे तास सेवेत धरतात. मेंटरिंगचेही धरतात का, तेवढं शाळेत आधी विचारून घ्या.