भरीत सेंटरवरचा बोलणारा डबा: वापरून कसा वाटला

जळगावात आमचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं सेंटर आहे. हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की नुसती झुंबड, एकाचे हात पऱ्हाट्यांवर वांगी भाजण्यात, दुसऱ्याचे पिठात, आणि गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून म्हणणार "टाकले भो पैसे, बघ". कोण बघणार? म्हणून पेमेंट आलं की बोलणारा साउंडबॉक्स लावला आणि मला तो फार आवडलाय.

सगळ्यात मोठा फरक पडला तो आईला. तिला मोबाईलवरचं वाचता येत नाही, त्यामुळे तो पैसा तिला पैसाच वाटायचा नाही, नोट दे म्हणायची. आता डबा मराठीत ऐंशी रुपये मिळाले बोलला की लगेच पार्सल बांधते. एनपीसीआय या देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने यूपीआय आणलं २०१६ ला, पण आमच्या गल्ल्यावर ते खरं चालू झालं या आवाजामुळे. आणि ते खोटे स्क्रीनशॉट, हुबेहूब हिरवी टिक दाखवणारी बनावट अ‍ॅपं! त्यांच्यापायी रोजच्या माणसालाही "दाखव बरं" म्हणावं लागायचं, त्यालाही वाईट वाटायचं नि आपल्यालाही. ते बंद झालं.

एक खोट मात्र मोठी आहे. आत सिमकार्ड असतं, रेंज गेली की डबा गप्प, पैसे आलेले असतात तरी चारचौघांत गिऱ्हाईक खोटं ठरतं. अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नका, आपलं खातं उघडून बघा. त्याचे कटले आणि आपल्याला आलेच नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला केलेलं पेमेंट पाच दिवसांत आपोआप परत जायला पाहिजे, पुढे उशीर झाला तर बँकेला दिवसाला १०० रुपये द्यावे लागतात. हे शांतपणे सांगितलं की माणूस भडकत नाही, हा माझा अनुभव.

अजून एक, डबा अपडेट करायचाय म्हणून कोणी मोबाईल मागितला तर देऊ नका, पिन तर कोणालाच सांगू नका. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो डब्याच्या भाड्यासाठी, ते खात्यातून परस्पर कटतं आणि पत्ताच लागत नाही, कंपनीने तेपण डब्यावर मराठीतच बोलून सांगावं.