सीसीयूच्या मुलाखतीसाठी रिदम-कार्डं : काही महिन्यांच्या वापरानंतर

सीसीयूतल्या (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागातल्या) नर्सच्या मुलाखतीसाठीची ही छापील सराव-कार्डं: पुढे ईसीजीची स्ट्रिप (हृदयाच्या आलेखाची पट्टी), मागे रिदमचं, म्हणजे ठोक्यांच्या लयीचं, नाव. काही महिने रोज वापरल्यावरचं मत असं की स्ट्रिप वाचायला ती उत्तम आहेत, पण मुलाखतीला अपुरी. पॅनेलवरच्या इनचार्ज सिस्टर नावावर थांबत नाहीत. "बरं, मग आधी काय कराल?" हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

कार्डं खऱ्या कागदाच्या मापाचीच घ्या: लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२०. नियमित रिदममध्ये दोन आर वेव्हमधले (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकांमधले) मोठे चौकोन मोजून त्या आकड्याने ३०० ला भागलं की मिनिटाचा रेट मिळतो. एएफमध्ये (एट्रियल फिब्रिलेशन, अनियमित लय) हे अंतर दर ठोक्याला बदलतं, म्हणून हे गणित फसतं. तिथे ३० मोठ्या चौकोनांतले क्यूआरएस (ठोक्याच्या उंच लाटा) मोजायचे आणि १० ने गुणायचे. एवढी सवय कार्डांनी नक्की लागते.

खरा उपयोग मागच्या बाजूवर पांढरा स्टिकर लावून पहिली कृती लिहिल्यावर झाला. व्हीटीवर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारी वेगवान लय) "नाडी बघा". नाडी नसेल तर सीपीआर आणि डीफिब (विजेचा शॉक). नाडी आहे पण बीपी कोसळलंय, तर सिंक्रोनाइज्ड शॉक (आर वेव्हशी जुळवून दिलेला). व्हीएफवर (खालचे कप्पे नुसते थरथरतात, नाडी नसते) ठळक अक्षरांत "सिंक बंद", कारण सिंक चालू राहिलं तर मशीन आर वेव्ह शोधत बसतं आणि शॉक सुटतच नाही. सपाट रेषेवर "आधी पेशंट, मग लीड (ईसीजीच्या वायरी)". हा क्रम चुकलेला पॅनेलला लगेच कळतो.

ड्रिपचं गणित या कार्डांत नाहीच, ही मोठी उणीव आहे. ते वेगळं घोटा. ५० मिलीत ४ मिलिग्रॅम नॉरॲड (बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनालिन) म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट द्यायचं तर सिरिंज पंप ताशी ४.५ मिलीवर. अँप्युलवर बायटार्ट्रेटचं (औषधाच्या क्षाराचं) वजन आहे की बेसचं (मूळ औषधाचं), हे वाचल्याशिवाय गणित मांडू नका. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेटमध्ये बेस साधारण १ मिलिग्रॅमच असतो.

हार्ट सर्जरीचं युनिट असेल तर आणखी दोन कार्डं हाताने करा. आर्टरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (धमनीतल्या नळीवरून बीपी मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला, तर बीपी सुमारे ७ मिमीने जास्त दिसतं आणि पडलेलं बीपी झाकलं जातं. दुसरं ड्रेनचं (सर्जरीनंतर छातीतलं रक्त नळीने बाहेर येतं ते): भरभर येणारा ड्रेन एकाएकी थांबला, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) चढतोय, बीपी उतरतंय. ड्रेन थांबला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. गुठळीने नळी तुंबली असेल तर रक्त हृदयाभोवती साचतं. टॅम्पोनाड (साचलेल्या रक्ताने हृदय दाबलं जाणं) धरून सर्जनना ताबडतोब फोन.

तो फोनही मोठ्याने बोलून बघा: बेड नंबर, कोणती सर्जरी, आत्ताचे आकडे, तासाभरापूर्वीचे आकडे, "सर, लगेच या". कार्डं दर वेळी पिसून घ्या. एकाच क्रमाने घोटली तर स्ट्रिप न बघताच उत्तर तोंडात येतं.