सोळा इंची स्क्रोल सॉ : मशीन उत्तम, वरची पकड रद्दी

सोळा इंची स्क्रोल सॉ, म्हणजे उभ्या बारीक पात्यानं लाकडात नक्षी आणि अक्षरं कापायचं विजेवरचं मशीन, घ्यायचा विचार असेल तर मोटर किती वॉटची आणि टेबल किती अंशांत कलतं हे नंतर बघा. आधी वरची पकड बघा. पातं वरच्या बाजूला जिथं आवळलं जातं, तो अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. माझ्या मशीनमध्ये तो ओतीव जस्ताचा होता. ऐन वैशाखात, वास्तुशांतीच्या पाट्यांची कामं अंगावर असताना त्याचे आटे गेले. कंपनीशी जे भांडण झालं ते पुढं सांगते. मशीन मात्र मी परत केलं नाही. आजही रोज चालवते, आणि का चालवते तेही सांगायचं आहे.

गेल्या दसऱ्याला आणलं. पंधरा हजारांच्या आतबाहेर पडलं. मिनिटाला चारशे ते सोळाशे ठोके, पन्नास मिलिमीटरपर्यंत जाडी, हे सगळं खोक्यावर छापलेलंच असतं, त्यात वेळ घालवत नाही. मी करते ती कामं म्हणजे दारावरच्या पाट्या, बारशाला पाळण्यावर लावायची नावं, संक्रांतीचं वाण, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या. कामं बहुतेक ओळखीतून येतात आणि मागच्या पडवीत होतात.

आता पकडीवर एवढा जोर का, ते सांगते. स्क्रोल सॉचे बहुतेक व्हिडिओ परदेशी असतात. त्यांची अक्षरं सुटी, एकेक कापायची आणि फळीवर चिकटवायची. आपल्या अक्षरांना शिरोरेखा आहे, त्यामुळं अख्खं नाव एका सलग तुकड्यात निघतं. पाटी हातात घेतली तरी अक्षर सुटत नाही. ही देवनागरीची देणगीच आहे. पण कापताना तीच अक्षरं हात अडकवतात. ‘शिवकृपा’ घ्या. व चं पोट, क चं पोट, पहिल्या वेलांटीखालची जागा, हे सगळं चारी बाजूंनी बंद. अशा प्रत्येक जागेसाठी आधी बारीक छिद्र पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताण द्यायचा, कापायचं, आणि परत सोडवायचं. दोन-तीन शब्दांच्या पाटीत हे सहज आठ-दहा वेळा होतं. म्हणजे पाटी करणाऱ्या माणसाचा हात लाकडापेक्षा त्या पकडीवर जास्त असतो.

(अनुस्वाराचं विचारतात म्हणून सांगते. ‘आनंद’ मधला टिंब शिरोरेखेला टेकत नाही, सुटा निघतो. मी तिथं दीड-दोन मिलिमीटरचा दांडा ठेवते. मागं फळी असेल तरच टिंब वेगळा चिकटवते.)

मशीनसोबत येतात ती पिनवाली पाती. दोन्ही टोकांना आडवी पिन, ती खाचेत अडकवायची, हत्यार लागत नाही. सुरुवातीला हे सोपं वाटतं. पण ती पिन आत जाण्यासाठी चार-पाच मिलिमीटरचं भोक लागतं. तीन इंच उंचीच्या अक्षरात व चं पोटच ते केवढं! तिथं एवढं भोक पाडलं की कोपऱ्याला आकार राहत नाही. दिवाळीनंतर मी पिनवाली पाती बाजूला ठेवली आणि बिनपिनांवर आले. पाच नंबरचं पातं जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतं, त्याला दीड मिलिमीटरचं छिद्र पुरतं. दोन नंबरचं त्याहून बारीक, लहान अक्षरांना तेच बरं.

बिनपिनांच्या पात्यासाठी कंपनी वेगळी जोडपकड देते. तीच ही जस्ताची. तिला बारीक एलन स्क्रू, प्रत्येक वेळी चावी लावून सोडायचा आणि चावी लावून आवळायचा. पोलादी स्क्रू जस्ताच्या आट्यांत दिवसातून कितीतरी वेळा फिरणार, तर आटे जाणार नाहीत तर काय होईल? आधी पातं सटकायला लागलं, मग कितीही आवळा, स्क्रू नुसताच फिरे. सागवानाची पाटी अर्धी कापून पडलेली आणि वास्तुशांत परवावर.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. वॉरंटी एक वर्षाची, मशीनला वर्ष झालेलं नाही, बिल जपून ठेवलेलं. उत्तर आलं, “मॅडम, क्लॅम्प हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत बसत नाही.” पातं झिजतं, हे मला मान्य आहे. पट्टा झिजतो, मोटरचा कार्बन झिजतो. पण पातं धरणारी पकड झिजणार असं खरेदीच्या वेळी कुणी सांगितलं होतं? बरं, विकत द्या म्हटलं. तर सुटा मिळत नाही, मशीन मूळ खोक्यात घालून सर्व्हिस सेंटरला पाठवा, तपासणीनंतर कळवू. अठरा किलोच्या आसपासचं मशीन, येण्याजाण्याचं भाडं माझं. एका तुकड्यासाठी. मी लेखी तक्रार केली, फोटो पाठवले, दर आठवड्याला फोन केला. दर वेळी नवीन माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं.

ह्या गोष्टीचा राग मला अजून आहे, आणि त्याला कारण आहे. मी कोल्हापुरात राहते. इथल्या फाउंड्र्यांत मोटारींच्या इंजिनांचे भाग ओतले जातात, शिरोली आणि गोकुळ शिरगावला अख्ख्या वसाहती त्यावर उभ्या आहेत. अशा गावात बसून मी पेराएवढ्या तुकड्यासाठी कुरिअरची वाट बघायची?

शेवटी तुटकी पकड रुमालात बांधली आणि शिवाजी उद्यमनगर गाठलं. एका बोळात लेथ चालवणारे एक वयस्कर मामा आहेत. त्यांनी तुकडा नखानं खरवडून बघितला आणि म्हणाले, “वैनी, ह्ये जस्त हाय. ह्याच्यात आटं टिकायचं न्हाईत. कुणी केलंय ह्ये?” मग त्यांनी माझ्याकडून पातं मागून घेतलं, बोटांत धरून बघितलं, दिवसातून किती वेळा उघडता ते विचारलं. कंपनीनं मला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. त्यांनीच सुचवलं की एलनचा स्क्रू काढूनच टाकू, नर्ल केलेल्या, म्हणजे बोटं घसरू नयेत म्हणून खरखरीत रेघा पाडलेल्या डोक्याचा जाड स्क्रू बसवू, म्हणजे चावी लागणार नाही, चिमटीत धरून फिरवता येईल. पोलादाचा तुकडा, दोन स्क्रू, मजुरी, सगळे मिळून दोनशे रुपये. दुसऱ्या दिवशी दुपारी पकड हातात होती, आणि पाटी वेळेवर गेली.

त्या दिवसापासून हे मशीन माझं झालं. छिद्रातून पातं ओवून पुन्हा सुरू करायला आता पूर्वीच्या निम्माही वेळ लागत नाही. हात आपोआप जातो. आधी मी जी नक्षी वेळेच्या भीतीनं टाळायची, जाळीचं काम, कमळाच्या पाकळ्या, ती आता घेते. मशीनची बाकीची बांधणी इतकी चांगली आहे हे मला पकड बदलल्यावरच नीट दिसलं. बिडाचं टेबल, आवाज कमी, जाड लाकडातही मोटर दबत नाही. हादरे म्हणाल तर मशीन कामाच्या बाकाला चार बोल्ट मारून घट्ट बसवा आणि खाली रबराचा तुकडा घाला. नुसतं ठेवून चालवलं तर कुठलंही मशीन थरथरतं.

फुंकणीबद्दल माझं मत बदललं आहे. पात्याजवळची रेघ दिसावी म्हणून एक बारीक नळी भुसा उडवत राहते. पहिल्या महिन्यात मला ती फार आवडली होती. पण ती भुसा उडवते म्हणजे तो माझ्याच नाकातोंडाकडे येतो. लाकडाची धूळ साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीत, तर फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. आता मी एन ९५ मास्कशिवाय बसत नाही. मशीनच्या मागं भुसा बाहेर पडायचं तोंड असतं, त्याला घरचा व्हॅक्यूम जोडला आहे. पाइपाचं माप जुळत नव्हतं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घातला की बसतो. मुलं खेळत असतील त्या खोलीत हे काम करू नका.

पात्यांचा खर्च लोक धरत नाहीत. पातं तुटण्याआधी बोथट होतं. सागवानात आणि प्लायमध्ये पंधरा-वीस मिनिटांच्या कापणीत धार जाते. सागवानात मुळातच सिलिका असते, प्लायमध्ये डिंक. बोथट पात्यानं रेटलं की कड जळते आणि पातं तुटतं. मी स्वस्तातली पाती वापरून बघितली आणि मग पेगास कंपनीच्या पात्यांवर आले. डझनाला जास्त पडतात, पण एका पाटीला जिथं स्वस्तातली चार लागायची तिथं दोन पुरतात. पॉलिश पेपरचं कामही कमी होतं. उलट्या दातांची मागा. खालचे काही दात वर तोंड करून असतात, त्यामुळं खालच्या बाजूचे तुस निघत नाहीत. आणि बहुतेक पाती किंचित उजवीकडे ओढतात. बनवताना एका बाजूला धातूची बारीक खरखरीत कोर (बर) राहते म्हणून ते होतं, मशीन बिघडलेलं नसतं. लाकूड थोडं तिरकं धरून सारायची सवय लागते. नक्षीच्या कागदावर पॅकिंगची चिकटपट्टी लावली की कड जळणंही कमी होतं. ताण बरोबर आहे का हे बोटानं छेडून कळतं, एकतारीसारखा स्वच्छ सूर यायला हवा.

लाकडावर मी पैसे घालवत नाही. टिंबर मार्केटच्या वखारीत सागवानाचे कटपीस वजनावर मिळतात, पाटीला तेवढे पुरतात. प्लाय घ्यायचा तर दाराबाहेरच्या पाटीसाठी आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लायच घ्या. आपल्याकडचा आषाढ-श्रावण साध्या प्लायला सोसत नाही, पदर सुटतात. हलक्या प्लायमध्ये आत पोकळ्याही असतात, बाहेरून कळत नाहीत आणि नेमकी अक्षराच्या दांड्यात येतात. वर जवसाचं तेल देत असाल तर तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

लेझरवाल्याकडून का करून घेत नाही, हा प्रश्न येतोच. एकसारखे शंभर नग हवे असतील तर खुशाल लेझरकडे जा, स्वस्त पडेल. मागच्या संक्रांतीला मी वाणासाठी कमळाच्या चकत्या केल्या. तीन मिलिमीटरच्या प्लायचे चार थर दुहेरी चिकटपट्टीनं जोडून एकदम कापले, तरी लेझरच्या वेगाला गाठता आलं नाही. पण पाऊण इंची सागवानाची पाटी लेझरनं केली तर कड काळी पडते, ती घासता घासता अक्षराचा आकार जातो. करवतीच्या कडेला लाकडाचा रंग आणि रेषा तशाच दिसतात. आणि लेझरला बेंदराचे बैल जमणार नाहीत. चौकोनी ठोकळ्याच्या एका बाजूनं बैलाची कड कापायची, निघालेले तुकडे पुन्हा चिकटपट्टीनं जागेवर बांधायचे, ठोकळा वळवून दुसऱ्या बाजूनं कापायचा. वरचं सगळं सोडवलं की आतून चारी पायांवर उभा बैल निघतो. त्यासाठी टेबल पात्याला अगदी काटकोनात हवं, दर वेळी गुण्या लावून बघा, मशीनवरच्या आकड्यांवर विसंबू नका. यंदा आमच्या गल्लीत मातीच्या बैलांशेजारी माझे लाकडी बैल पूजेला होते. मुलांनी पूजेनंतर ते खेळायला घेतले, तुटले नाहीत. त्याचा मला फार आनंद झाला.

हे सगळं श्रावणात लिहून ठेवलं होतं. आता गणपती झाल्यावर दोन गोष्टी वाढवते. एक, पावसात बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज धरतो. काम झालं की पुसून मेण घासून ठेवा, लाकूडही छान सरकतं. दुसरी, कंपनीकडून अखेर पाकीट आलं. आत नवीन पकड, फुकट, सोबत पत्र नाही. उघडून बघितली तर तीच, जस्ताची, तोच एलन स्क्रू. ती खणात ठेवली आहे. मशीनला पाचपैकी चार देते, सेवेला एकही नाही. दिरंगाई झाली म्हणून हे गुण कापलेले नाहीत. इतक्या तक्रारींनंतरही तोच तुकडा पाठवला, म्हणून कापले आहेत.

ज्यांच्याकडे अशीच जोडपकड आहे त्यांच्यासाठी मामांनी केलेल्या पकडीचं माप देते. ईएन ८ पोलाद, जाडी १२ मिलिमीटर, पात्यासाठी १ मिलिमीटरची खाच, एम ५ चा स्क्रू, डोक्याचा व्यास १४ मिलिमीटर आणि त्यावर नर्लिंग. स्क्रूचं टोक सपाट करून घासून घ्यायला सांगा, टोकदार राहिलं तर आवळताना पातं पिळतं. भोकाच्या जागा आपल्या मूळ तुकड्यावरून घ्या, तुकडा सोबत न्या. खालची पकड बदलायची गरज मला पडलेली नाही. ती फक्त नवीन पातं घालताना सुटते, त्यामुळं तिचे आटे अजून शाबूत आहेत.