डिफेन्सच्या कामाला इंजिनिअर हवाय: चाकणचा ऑटोवाला घ्यावा की फौजेतून आलेला?

पुण्यात छोट्या कंपन्यांना डिफेन्सचं काम मिळायला लागलंय हे चांगलंच आहे. पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई (तिन्ही डीआरडीओच्या म्हणजे सरकारी संरक्षण संशोधनाच्या लॅब), खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या, सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ऑर्डर भोसरीच्या शेडपर्यंत येते, पण त्या ड्रॉइंगवर बसवायचा माणूस कुठून आणायचा इथे सगळे अडतात. मी दोन्ही प्रकारची माणसं घेतली आहेत, म्हणजे चाकणच्या ऑटो लाईनमधली चार-पाच वर्षं अनुभव असलेली पोरं पण आणि आर्मी-एअरफोर्समधून शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठराविक वर्षांपुरती ऑफिसरची नोकरी) संपवून आलेले टेक्निकल ऑफिसर पण.

आधी एक गोष्ट, कारण काही जण अमेरिकेच्या जाहिराती वाचून 'क्लिअरन्स (गोपनीय काम बघायची परवानगी) असलेलाच पाहिजे' म्हणतात. तिकडे क्लिअरन्स सरकार देतं आणि नोकरी सुटली तरी साधारण २४ महिन्यांच्या आत दुसरी कंपनी ते पुन्हा चालू करून घेऊ शकते. आपल्याकडे असा माणसाबरोबर फिरणारा कागद नाही. डिफेन्सच्या कामाचं लायसन्स कंपनीकडे, माणसाची जबाबदारी पण कंपनीकडेच, त्यामुळे कोणालाही घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन आणि ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टची सही चुकत नाही. फौजी आहे म्हणून सूट असं काही धरून चालू नका.

कामाच्या बाबतीत म्हणाल तर ऑटोवाला पुढे आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. कॅटियावर (डिझाईनचं सॉफ्टवेअर) हात बसलेला, टॉलरन्स स्टॅक-अप (पार्ट जोडताना मापातले छोटे फरक कसे साठत जातात त्याचा हिशोब) डोक्यात, पीपीएपीच्या (ऑटोत नवा पार्ट मंजूर करून घ्यायच्या) फायली केलेल्या, त्यामुळे एएस ९१०० ची (एअरोस्पेस-डिफेन्सच्या क्वालिटी स्टँडर्डची) कागदपत्रं त्याला परकी वाटत नाहीत, थोडं शिकवलं की धरतो. फौजेतून आलेल्या ऑफिसरला सीएडी (कॉम्प्युटरवरचं डिझाईन) बऱ्याचदा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि एका पार्टची कॉस्टिंग करताना रुपया-दोन रुपयांसाठी भांडायची सवय त्याला नसते. पण वस्तू फील्डवर कशी वापरली जाते, जवान हातमोजे घालून तो बोल्ट कसा खोलणार, इन्स्पेक्शनला आलेला माणूस कुठे बोट ठेवणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. आमच्याकडे एका साहेबांनी ड्रॉइंग बघताच सांगितलं की हे लॅच चिखलात जॅम होणार, आणि आम्ही ते टेस्टिंगच्या आधीच बदललं.

इथपर्यंत मी म्हटलं असतं की ज्याला जे परवडेल ते घ्या. माझ्यापुरता निकाल लागला तो पत्त्यावरून.

ऑटोतला मुलगा मूळचा लातूरचा किंवा जळगावचा, शिक्षण एका गावात, पहिली नोकरी दुसरीकडे, मग कोथरूडला मित्रांबरोबर फ्लॅट, मग वाकड. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, म्हणजे नदी ओलांडून राहायला गेला की पोलीस ठाणंच काय, आयुक्तालय पण बदललं. त्यात घरमालकाने भाडेकरार रजिस्टर केलेला नसतो (कायद्याने करायलाच हवा, तरी नसतो), आधार गावचं, आणि व्हेरिफिकेशनला माणूस जातो तेव्हा दाराला कुलूप कारण हे सगळे शिफ्टला. यात मुलाचा काय दोष. पण व्हेरिफिकेशन होईपर्यंत आम्ही त्याला डिफेन्सच्या कामाची बंद खोली उघडून देऊ शकत नाही, कस्टमरचं ड्रॉइंग दाखवू शकत नाही, मग तो बाहेर बसून जुन्या फिक्स्चरचे थ्रीडी मॉडेल करतो, चांगला मुलगा असतो, कंटाळतो, आणि कागद यायच्या आत हिंजवडीतल्या कुठल्यातरी डिझाईन सर्व्हिस कंपनीची ऑफर घेऊन येतो. हे माझ्याकडे एकापेक्षा जास्त वेळा झालंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय, कारण त्याला काम खरंच करायचं होतं.

ऑफिसरचं तसं होत नाही. दहा किंवा चौदा वर्षांचा सलग सर्व्हिस रेकॉर्ड, कधी कुठे पोस्टिंग होतं ते सगळं लिहिलेलं, रिलीजचे कागद फाईलला लावलेले, त्यामुळे फॉर्ममधल्या रकान्यात मोकळी जागा राहत नाही आणि माझ्या अनुभवात त्याचं व्हेरिफिकेशन शांतपणे पार पडतं. मधल्या काळात बसवून ठेवलं तरी तो वैतागत नाही, परवानगीशिवाय खोलीत जायचं नसतं हे त्याच्या अंगातच आहे. लॅबमधून रिटायर झालेले शास्त्रज्ञ घ्यायचा विचार असेल तर मात्र थांबा, ग्रुप ए (केंद्र सरकारच्या वरच्या श्रेणीतल्या) अधिकाऱ्याला रिटायरमेंटनंतर एक वर्षाच्या आत खाजगी नोकरी धरायला सरकारची परवानगी लागते, ते आधी विचारून घ्या.

तुमचं काम निव्वळ डिझाईनचं असेल आणि डेडलाईन लांब असेल तर कदाचित ऑटोवालाच बरोबर बसेल, मी नाही म्हणणार नाही. मी मात्र आता पहिला फोन शॉर्ट सर्व्हिसवाल्याला करतो आणि सीएडीचा क्लास कंपनीच्या खर्चाने लावतो. आणि चाकणचा मुलगा घ्यायचाच ठरला तर ऑफर लेटरबरोबरच रजिस्टर केलेला भाडेकरार आणि मागच्या सगळ्या पत्त्यांची यादी मागून घ्या, त्याचा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड चालू असतानाच व्हेरिफिकेशनचा अर्ज आत जाऊ द्या.