आठ महिने रोज मेंदूची चाचणी: फोन बदलला आणि आलेख कोसळला

आठ महिने मी फोनवर मेंदूच्या चाचण्यांचं एक अ‍ॅप रोज वापरते आहे. गेल्या महिन्यात अ‍ॅपने लाल अक्षरांत कळवलं, 'तुमचा प्रतिक्रियावेग घसरला आहे.' माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे आणि मी 52 वर्षांची. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी लेकीने विचारलं, "आई, परवाच फोन बदललास ना?"

जुना फोन कपाटातून काढून चार्ज केला. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. हिरवा गोळा दिसला की टॅप, अंगठा तोच, आलटून पालटून 20-20 वेळा. जुन्यावर सरासरी 368 मिलिसेकंद, नव्यावर 427! नव्याची जाड टेम्पर्ड ग्लास काढली, तर 409. म्हणजे गोळा दाखवायला आणि स्पर्श ओळखायला फोन जो वेळ घेतो, तोही माझ्याच नावावर चढतो. 60 हर्ट्झचा स्क्रीन मुळात 16-17 मिलिसेकंदांनी एकदा बदलतो. अशा मापावर 'घसरण' कशी ठरवता?

अ‍ॅपवाल्यांना तीन मेल केले. 'फोन बदलल्याची खूण आलेखावर टाका, जुनी सरासरी वेगळी ठेवा,' एवढंच मागणं. तिन्ही वेळा उत्तर एकच: अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करा. वर्षाचे 1,499 रुपये यासाठी मोजलेत का?

आकडे लक्षात ठेवण्याची चाचणी 6 वरून 8 वर गेली, पण ती सरावाने. मी जोड्या पाडून फोन नंबरासारखे म्हणते. किराण्यातलं जिरं अजूनही राहतंच.

मूडच्या प्रश्नांबद्दल मात्र मत बदलावं लागलं. पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली, मला भरतीची वाटायची. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी 0 ते 3. पावसाळ्यात आईसाठी रात्री जागून माझा आकडा 4 वरून 13 वर गेला. मला नुसता थकवा वाटत होता. आकडा 10 च्या पुढे, म्हणजे डॉक्टरांना दाखवावं अशा पातळीवर गेल्यामुळे फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नीट बसवून विचारपूस केली, रक्त तपासलं, बी-12 बरंच कमी निघालं. या एका गोष्टीसाठी मी अ‍ॅपची खरंच ऋणी आहे.

पण ही प्रश्नावली कुणालाही फुकट वापरता येते, आणि तिचाच आलेख यांनी पैसे भरणाऱ्यांपुरता ठेवलाय. शिवाय नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा. मी मुद्दाम 'जवळजवळ रोज' निवडून पाहिलं. पुढच्या पानावर फटाके आणि 'शाब्बास, सलग 41 दिवस!' तिथे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोठ्या अक्षरांत हवा. हे मी चौथ्या मेलमध्ये लिहिलंय, उत्तर नाही.

पुढच्या वर्षाचे पैसे भरणार नाही. नऊ प्रश्नांची प्रिंट कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, दर दुसऱ्या रविवारी पेनने भरते.