आधी आखायचं की लिहीत सुटायचं?

पहिली थरारक कादंबरी लिहू पाहणारे हमखास विचारतात, की आधी अख्खं कथानक आखून घ्यावं, की सरळ लिहायला बसावं? नावाजलेल्या थरारकथा लेखकांकडे बघून हे सुटत नाही. जेफ्री डीव्हर एकेका आराखड्यावर सुमारे ८ महिने घालवतो. ली चाइल्ड दर १ सप्टेंबरला, पुढे काय घडणार याचा पत्ता नसताना, नवी कादंबरी सुरू करत असे. दोघांचेही वाचक जगभर आहेत.

माझं मत असं, की आपल्या स्वभावाआधी कथेचा प्रश्न बघावा.

‘खून कुणी केला?’ हा प्रश्न असेल तर आखणीला पर्याय नाही. इथे दोन क्रम सांभाळायचे असतात: गुन्हा खरोखर घडला तो, आणि वाचकाला तो उलगडत जातो तो. तिसऱ्या प्रकरणात कुणी सहज म्हणतं, ‘दार आतून बंद होतं’, आणि शेवटाकडे त्याच वाक्याचा अर्थ पालटतो. हे लिहिण्याच्या ओघात क्वचितच जमतं. आराखड्याचा तोटाही मोठा आहे. पात्रं वेळापत्रकाबरहुकूम वागू लागतात. एरवी चलाख असलेली नायिका अंधाऱ्या तळघरात एकटीच उतरते, कारण आराखड्यात तसं आहे! वाचकाला हे लगेच कळतं.

‘आता हा सुटणार कसा?’ असा प्रश्न असेल, म्हणजे पाठलाग, अपहरण वगैरे, तर मोकळं लिहून बघा. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगा, मग साध्या गप्पांनाही ताण येतो, असं थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक म्हणायचा. अशा कथेत लपवायचं थोडंच असतं, आणि नायकाला खरोखर कोंडीत पकडलंत की सुटका तुम्हालाही त्याच्याइतकीच धडपडून शोधावी लागते. किंमत मात्र नंतर मोजावी लागते. मधला भाग रेंगाळतो, प्रकरणंच्या प्रकरणं फेकावी लागतात, आणि थकलेला लेखक योगायोगाने नायकाला सोडवून मोकळा होतो.

पहिलीच कादंबरी असेल तर गुन्हेगार कोण आणि त्याने ते का केलं, एवढं पक्कं करून लिहायला लागा. महिनोन्‌महिने आराखडाच चालू असेल तर ती बहुधा टाळाटाळ आहे. आणि मोकळं लिहिलंत, तर पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक प्रकरणापुढे एकच ओळ लिहा: इथे वाचकाला नवं काय कळलं? ज्या प्रकरणापुढे काहीच सुचत नाही, ते काढून टाका.